न वाजलेला दगड

"धर नीट. हलवू नकोस," नरहरआजोबा म्हणाले.

शमिकानं श्वास रोखून धरला. तिच्या हातातल्या सुतळीला ग्राइंडरचं नवंकोरं दगडी चाक लोंबकळत होतं. ताटलीएवढं, राखाडी, मधोमध भोक. आजोबांनी स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं त्याला हलकेच ठोका दिला.

थप्प.

"वाजला," आजोबा म्हणाले आणि चाक सोडवून टेबलावर ठेवलं.

शमिका तशीच उभी राहिली. तिनं धाकट्या भावाकडे, ओंकारकडे पाहिलं. त्याचा आ वासलेला होता. सुट्टीला नागपूरहून आलेला मामेभाऊ सत्यजित दाराशी होता. त्यानंही हळूच मान हलवली. दगड वाजला नव्हता.

बरखेड्यातल्या त्यांच्या कॉलनीत धार म्हटलं की नरहरआजोबा. कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांना चौदा वर्षं झाली, पण घरामागच्या शेडमधली त्यांची हत्यारं काही निवृत्त झाली नाहीत. विळ्या, अडकित्ते, शिंप्याच्या कात्र्या, सुताराच्या पटाशा, सगळं त्यांच्याकडे यायचं आणि केस कापेल इतकं धारदार होऊन परत जायचं. सुट्टीत कॉलनीतल्या या मुलांचा मुक्काम तिथेच असे. पहिल्याच दिवशी आजोबांनी त्यांना नियम शिकवला होता: कुठलंही चाक ग्राइंडरवर चढवण्याआधी टांगायचं, ठोकायचं आणि ऐकायचं. चांगला दगड देवळातल्या घंटेसारखा वाजतो. आतून तडकलेला असेल तर मुका राहतो. डोळ्यांना तडा दिसेलच असं नाही, कानाला कळतो.

मुका दगड फिरवला तर काय होतं, तेही त्यांनी सांगितलं होतं. शेडच्या भिंतीवर खिळ्याला ग्राइंडरच्या चाकावरचं एक पत्र्याचं जुनं झाकण टांगलेलं होतं. त्याला आतून बाहेर एक खोल पोचा होता, लिंबू मावेल एवढा. आजोबा तरुणपणी नागपूरला एका लहानशा वर्कशॉपात शिकत होते, तिथलं ते. चाक मिनिटाला अठ्ठावीसशे फेरे घेत होतं आणि फुटलं. एक तुकडा झाकणावर बसला. दुसरा आजोबांच्या जोडीदाराच्या डोळ्यावर.

त्या पोच्यात बोट घालून पाहायची हिंमत ओंकारला अजून झाली नव्हती.

"आजोबा, तो वाजला नाही," शमिका म्हणाली.

आजोबा तिच्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पन्नास वर्षं दगड ऐकतोय मी, शमे. कालच्या पोरीनं मला शिकवू नये." आणि ते चहाला आत निघून गेले.

शेडमध्ये तिघंच उरली. सत्यजितनं शेल्फवरचं जुनं, झिजून लहान झालेलं चाक काढलं, सुतळीत ओवलं. ठोका दिला. टण्ण! आवाज लांबत गेला. मग नवं चाक. थप्प. पुन्हा जुनं, पुन्हा नवं. पाच वेळा केलं तरी तेच.

"मग आजोबा खोटं का बोलले?" ओंकारनं विचारलं.

"खोटं नाही बोलले," शमिका हळूच म्हणाली. तिला एकदम काहीतरी आठवलं होतं. आजोबांच्या पत्नी सुमित्राआजी त्यांना चहाला कधीच हाक मारत नसत. घरातून शेडच्या दिव्याचं बटण दोनदा चालू-बंद करत. मुलांना वाटायचं, ती त्यांची गंमत आहे.

तिनं ओंकारला सायकल आणायला सांगितलं. आजोबा परत येऊन शेजारच्या कल्पनाकाकूंच्या विळीवर वाकले होते, ग्राइंडर बंद होता. ओंकारनं त्यांच्या पाठीमागे चार पावलांवर सायकल उभी केली आणि घंटी वाजवली. मग जोरात वाजवली. मग वाजवतच राहिला. समोरच्या क्वार्टरमधलं कुत्रं भुंकायला लागलं.

आजोबांनी मान वळवली नाही.

ओंकारचा चेहरा उतरला. तो सायकल ढकलत गुपचूप बाहेर आला. "दीदी, उद्या तर शिबिर आहे," तो म्हणाला, "आणि मी पहिल्या ओळीत आहे."

तेच तर. उद्या सकाळी नऊ वाजता मंडळाच्या हॉलमध्ये उन्हाळी शिबिराची चाळीस मुलं सतरंजीवर बसणार होती आणि नरहरआजोबा हेच नवं चाक चढवून धार कशी लावतात ते दाखवणार होते. शिबिराचे प्रमुख उदयकाकांनीच ते चाक टी. टी. नगरच्या बाजारातून शिबिराची भेट म्हणून आणलं होतं.

तिघं उदयकाकांकडे गेली. काका घरी नव्हते, पण व्हरांड्यात चाकाचं रिकामं खोकं पडलं होतं. सत्यजित खाली बसला आणि ते फिरवून फिरवून पाहू लागला. एक कोपरा आत चेपून फाटला होता. चेपलेल्या जागी डांबराला घासल्याचा काळा ओरखडा होता आणि बारीक खडी रुतून बसली होती.

"हे दुकानातून असं निघालेलं नाही," तो म्हणाला. "रस्त्यावर आपटलंय."

तेवढ्यात उदयकाका स्कूटरवरून आले. ते हसले. हो, स्कूटरवरून जरासं निसटलं होतं खरं, पण साधा टवकासुद्धा उडाला नाही. आजोबांना सांगितलं का, असं शमिकानं विचारलं. त्यात काय सांगायचं, ते म्हणाले. आजोबांनी स्वतः वाजवून पास केलंय, मग झालं तर. जाता जाता त्यांनी हेही सांगितलं, की उद्या सतरंजी जरा पुढेच घालणार आहेत, म्हणजे ठिणग्या आणि मुलं एकाच फोटोत येतील.

संध्याकाळी शमिकानं आईला चाक पडल्याचं सांगितलं. आईनं लगेच काकांना फोन लावला आणि पलीकडून तेच उत्तर आलं. आई थोडी शांत झाली. नरहरआजोबांनी ऐकलंय म्हटल्यावर कुणीही शांत होणारच.

आजोबांना ऐकू येत नाही, हे शब्द शमिकाच्या ओठांवर आले होते. एकदा ते कॉलनीत पसरलं, की उद्यापासून त्या शेडमध्ये एक विळी येणार नाही. आणि विळ्या नाहीत तर आजोबा दिवसभर करणार काय? पण न बोलावं, तर डोळ्यांसमोर तो पोचा येत होता. ताटातला भात तसाच राहिला.

"सांगावंच लागेल," सत्यजित म्हणाला. "नाहीतर मी चाकच पळवतो."

"पळवलंस तर ते शोधतील, आणि सापडलं की चढवतील. त्यांना स्वतःला कळलं पाहिजे." शमिकानं दोघांना जवळ बोलावलं.

सकाळी ती सुमित्राआजींकडून जुनं चाक मागून घेऊन, पिशवीत टॉवेलात गुंडाळून हॉलवर पोचली. सतरंजी खरंच पुढे होती. ग्राइंडरपासून पहिल्या ओळीपर्यंत तिनं पावलं मोजली. तीन. तिसऱ्या पावलावर ओंकार मांडी घालून बसला होता आणि तिच्याकडे बघत होता. सत्यजित भिंतीला टेकून उभा होता, बोट ग्राइंडरच्या बटणाशी. ठरलं होतं: बेत फसला, तर तो प्लग उपसून घेऊन पळणार आणि शमिका सगळ्यांसमोर खरं काय ते ओरडून सांगणार.

आजोबा आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला चष्मा. त्यांनी मुलांना हत्यारं दाखवली, मग नवं चाक हातात घेऊन ग्राइंडरचे नटबोल्ट सैल करू लागले. शमिका पुढे गेली, आजोबांना आपलं तोंड नीट दिसेल अशी उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, "आजोबा, आधी दगड वाजवून दाखवा ना. सगळ्यांना शिकायचंय."

आजोबा थांबले. उदयकाका घड्याळाकडे बघत म्हणाले, की उशीर होतोय. पण नियम आजोबांचाच होता. त्यांनी पाना खाली ठेवला.

शमिकानं मुलांना सांगितलं, "डोळे मिटा. घंटा ऐकू आली तरच हात वर करायचा. शेजाऱ्याचं बघायचं नाही."

पहिल्यांदा तिनं जुनं चाक धरलं. आजोबांनी ठोका दिला. चाळीस हात वर गेले. आजोबा हसले.

मग नवं चाक. आजोबांनी ठोका दिला.

मुलं डोळे घट्ट मिटून बसली होती, वाट बघत. एकही हात वर नव्हता.

आजोबांनी पुन्हा ठोका दिला, जरा जोरात. ते चाकाकडे बघतच नव्हते. ते मुलांचे हात बघत होते. सगळे मांडीवर होते. त्यांचं हसू मावळलं. त्यांनी आपला उजवा कान चाकाला अगदी चिकटवला आणि तिसरा ठोका दिला. मग त्यांनी डोळे मिटून घेतले.

शमिकाला रडू येत होतं. "आजोबा..."

त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. सतरंजी भिंतीपर्यंत मागे घ्यायला सांगितली. नवं चाक फरशीवर पोत्यात गुंडाळून ठेवलं, चष्मा लावला आणि हातोडीचा एकच घाव घातला. पोतं उघडलं तेव्हा चाकाचे दोन तुकडे झाले होते. एका तुकड्याच्या फुटलेल्या कडेला, बाहेरच्या अंगाला, डांबराची काळी रेघ आत गेलेली दिसत होती.

उदयकाकांचा चेहरा पांढरा पडला. ते ओंकारकडे बघत होते, मग त्या तीन पावलांच्या रिकाम्या फरशीकडे. "माझ्या हातून पडलं होतं," ते म्हणाले. "मी सांगायला हवं होतं."

"आणि मला ऐकू येत नाही," नरहरआजोबा सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. "दोन वर्षं झाली. तेही मी सांगायला हवं होतं. या पोरीनं काल सांगितलं, तर मी तिच्यावरच चिडलो."

मागच्या खुर्चीवरून कल्पनाकाकू उठल्या. शमिकाचा जीव धास्तावला. आता काय म्हणतील? काकूंनी पिशवीतून कात्री काढली आणि आजोबांसमोर ठेवली. कडेला बोथट झाली आहे, त्या हातवारे करून म्हणाल्या, आज मिळाली तर बरं. मग शमिकाकडे वळून त्या एवढंच बोलल्या, की चाळीस घरांत आज रडारड झाली असती, ती तुम्ही तिघांनी टाळलीत. ओंकारच्या डोक्यावर त्यांनी उगाचच दोनदा हात फिरवला.

आजोबांनी जुनं चाक चढवलं, पण बटणाला हात लावला नाही. ते चाक तसंच ग्राइंडरवरून पुन्हा उतरवून सुतळीत ओवलं, सुतळी शमिकाच्या हातात दिली आणि ठोका दिला.

टण्ण.

त्यांचे डोळे तिच्या चेहऱ्यावर होते. तिनं मान डोलावली. मगच त्यांनी चाक घट्ट बसवलं आणि सत्यजितला खूण केली. त्यानं बटणावरचं बोट पहिल्यांदाच सैल सोडलं, आणि बटण दाबलं.