बाणावरचा आकडा

विश्वास ठेवा वा ठेवू नका, यातला एक शब्दही पदरचा नाही.

गुरुवार. भर दुपार. ऑफिसातले सगळे जेवायला गेलेले. घरात ज्याला बाळ्या म्हणतात, तो प्रोग्रामर एकटाच संगणकापुढे बसला होता.

त्याच्या कंपनीचं एक बटण आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी गळ्यात घालायचं. दाबलं की थेट मुलाला फोन लागतो.

त्याची आईही ते घालायची. दिवसातून दहादा दाबायची.

"कामात आहेस का रे?"

"आई, जीव जात असेल तरच दाब गं!"

शेवटी वैतागून त्याने प्रोग्राममध्ये गुपचूप एक ओळ घातली. बटण आईचं असेल, तर इथूनच परत फिर. ना फोन, ना नोंद. दोनच दिवस, असं त्याने स्वतःला बजावलं.

दुसऱ्याच दिवशी आई गेली.

"झोपेतच गेली, सुटली बिचारी," सगळे म्हणाले. त्याने मान हलवली. तिने बटण दाबलं होतं का, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. वर्ष उलटलं, तरी त्या ओळीला हात लावायची त्याची छाती झाली नाही.

त्या गुरुवारी त्याने एक नवं प्लगइन बसवलं. प्रोग्रामचा कुठला तुकडा, म्हणजे फंक्शन, दुसऱ्या कुठल्या तुकड्याला बोलावतो, याचं ते चित्र काढतं. फंक्शनचे चौकोन, मध्ये बाण, आणि किती वेळा बोलावलं त्याचा बाणावर आकडा.

त्याने प्रोग्राम चालवला. संगणकाला एकही बटण जोडलेलं नव्हतं.

तरी एक चौकोन उमटला... 'बटण दाबलं'.

बाण निघाला... त्या ओळीपाशी आला... आणि परत फिरला.

१.

२... ३...

त्याने खण उघडला. आईचं बटण तिथेच होतं. बॅटरी त्यानेच काढलेली.

आकडा सतरावर थांबला.

सतरा वेळा! म्हणजे ती झोपेत गेली नव्हती.

"चुकलो गं आई..." त्याने रडतच ती ओळ खोडली. प्रोग्राम पुन्हा चालवला.

या वेळी बाण परत फिरला नाही. पुढच्या चौकोनात गेला... 'मुलाला फोन कर'.

टेबलावरचा फोन वाजला.

'आई'.

त्याचा हात पुढे गेला, तो तिथेच अडला. उचलून सांगणार काय? कामात होतो?

फोन वाजतच होता... आणि त्याने ती ओळ परत घातली.

फोन गप्प झाला.

हे त्याने फक्त बहिणीला सांगितलं. तिने एकच विचारलं, "उचलला का नाहीस रे?"

ओळ अजून तिथेच आहे. आणि आकडा... परवा एकोणतीस होता.