अ‍ॅप्रनचं टोक

ही गोष्ट मला कुणी सांगितलेली नाही. ती माझ्यासोबतच घडली आहे. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसा. मीही पूर्वी अशा गोष्टी वाचून हसायचे.

गेल्या पोळ्यानंतर मी मेहकरला एका दातांच्या दवाखान्यात असिस्टंट म्हणून लागले. जानेफळहून रोज एसटीने जायचं. वडील नाहीत. आई लोकांच्या शेतात तण निंदायला जायची. माझी नोकरी पक्की झाली की तिचं निंदण बंद, असं आमचं ठरलं होतं.

दवाखान्याच्या शैलजा मॅडम म्हणाल्या होत्या, आधी काम बघते, मग पक्कं करते.

म्हणून मला ती नोकरी टिकवायचीच होती.

काम तसं सोपं. मॅडम पेशंटच्या उजव्या बाजूला, मी डाव्या. तोंडातलं पाणी ओढणारी नळी माझ्या हातात. तोंड उघडं असलेला माणूस बोलणार कसा? म्हणून मॅडम प्रत्येकाला आधीच सांगायच्या, "दुखलं तर डावा हात वर करा." त्या हाताकडे लक्ष ठेवायचं आणि मॅडमना थांबवायचं, हे माझं काम.

पहिल्याच आठवड्यात...

एका दांडग्या गड्याची दाढ कोरणं चालू होतं. मशीनचा आवाज. आणि माझ्या अ‍ॅप्रनचं टोक कुणीतरी ओढलं.

हळूच. लेकरू आईचा पदर ओढतं तसं.

मी मॅडमना थांबवलं. पण गड्याचे दोन्ही हात पोटावर होते, बोटांत बोटं गुंतवलेली. आपण हात वर केलाच नाही, म्हणाला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी मात्र कानापर्यंत वाहत गेलं होतं. मी ते तेव्हा मनावर घेतलं नाही.

काही दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी कॉलेजातली पोरगी, हात तसेच पोटावर. मॅडम भडकल्या. पुन्हा असं झालं तर दुसऱ्या दिवशी येऊ नकोस, म्हणाल्या.

घरी आले तेव्हा आई विळा धुऊन ठेवत होती.

मग एका दुपारी उंद्रीच्या सरस्वतीबाई आल्या. थकलेल्या म्हाताऱ्या बाई, अंगभर पदर. दाढ काढायची होती. मॅडमनी हिरडी बधिर करायचं इंजेक्शन दिलं, नेहमीचं वाक्य सांगितलं. बाईंनी मान हलवली.

मॅडमनी पक्कड लावली...

आणि अ‍ॅप्रन ओढला गेला.

मी बाईंच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो पदराखाली स्वस्थ होता. मी मॅडमना थांबवलं नाही. डोळ्यांसमोर आईचा विळा येत होता.

पुन्हा ओढ... आता इतकी जोरात, की मी खाली वाकले.

"मॅडम, थांबा."

मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं, की गेली नोकरी, असंच मला वाटलं. पण पक्कड बाहेर येताच सरस्वतीबाई रडायला लागल्या.

"लय दुखून राह्यलं होतं वं माय. हा हात लकव्यानं गेला माह्या. उचलतच नाई."

इंजेक्शन लागलंच नव्हतं. आणि चारचौघांत हाताचं सांगायला बाई लाजल्या होत्या.

दुसरं इंजेक्शन देऊन दाढ काढली. बाई गेल्यावर मॅडमनी विचारलं, तुला कसं कळलं? मी खरं ते सांगितलं. मॅडमचा चेहराच उतरला.

"तुला कलाबाईबद्दल कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मग मॅडमनीच सांगितलं. कलाबाई माझ्याआधी तिथे होती, माझ्याच जागेवर. आखाडात वारली. मशीन चालू असताना डॉक्टरच्या हाताला धक्का लागू नये म्हणून ती मॅडमच्या अ‍ॅप्रनचं टोक ओढायची. पेशंटनं हात उचलायच्या आधीच तिला कळायचं. तिच्या स्वतःच्या पोटात गाठ होती. ते मात्र तिने कुणाला कळू दिलं नाही.

"मी रोज तिच्यासमोर उभी होते," मॅडम म्हणाल्या. "मला दिसलं नाही."

त्याच संध्याकाळी त्यांनी मला पक्कं केलं. एसटीत मी आनंदाने रडले.

अ‍ॅप्रन धुवायला घरी आणला होता. मला त्यात बघायची आईला भारी हौस, म्हणून घालून दाखवला.

"डाक्तरीणच दिसून राह्यली वं," ती म्हणाली. उद्यापासून निंदण बंद, असं मी तिला सांगितलं. ती हसली आणि भाकरी थापायला लागली. मी तिच्या शेजारी बसले...

आणि अ‍ॅप्रनचं टोक ओढलं गेलं.

आईचे दोन्ही हात पिठात होते.



"माय, तुले काई दुखते का?"

"मले काऊन दुखंन?" तिने भाकरी तव्यावर टाकली. माझ्याकडे पाहिलं नाही.

तिला बुलडाण्याला नेऊन सगळं तपासून आणलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही. अ‍ॅप्रन मी आता दवाखान्यातच ठेवते, घरी आणत नाही.

काल आई अंगणात भांडी घासत होती. मी साध्या ड्रेसवर तिच्या बाजूला उभी होते.

माझ्या ओढणीला हिसका बसला...

मी पुन्हा विचारलं. ती पुन्हा नाहीच म्हणाली.