खांद्यावरचा हात

"थांबा! कापू नका—"

दारातून आरोळी आली तेव्हा आफ्टनची सुरी फोटोवर आखलेल्या बदामाच्या टोकाशी पोचली होती. अर्ध्यावर सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने काप पुरा केला, सुरी खाली ठेवली आणि मग वर पाहिलं.

युटातल्या त्या गावात बायका शनिवारी सकाळी चर्चच्या हॉलमध्ये फोटो कापायला जमत. लांब टेबलं, रंगीत कागद, चीज घालून भाजलेल्या बटाट्यांचा वास. त्यांच्या आल्बममध्ये सगळीच घरं सुखी. का नसणार? घर किंवा चर्च सोडून गेलेल्याला कापून काढायचं, उरलेल्या खुणेवर फुलाचं स्टिकर डकवायचं — झालं घर सुखी! आणि हे काम आफ्टनइतकं सफाईने कुणालाच जमत नसे. सव्विसाव्या वर्षीही बिनलग्नाची म्हणून तिच्यामागे च्यक् च्यक् करणाऱ्या बायका कापायला मात्र तिच्याकडेच येत.

आरोळी ठोकणारा टेबलापाशी आला. उंचापुरा, केसांवर बर्फाची भुरभुर, बोटांना मेंढवाड्याचा चिखल.

"मी हायरम. व्हर्डाआत्याचा भाचा. तो फोटो माझा आहे."

"होता," आफ्टन म्हणाली. "आता दोन झालेत."

तो हसला नाही. बदामात लहानगा हायरम आणि त्याचे वडील होते. बाहेरच्या तुकड्यात एक बाई होती, हसताना डोळे बारीक झालेली.

"माझी आई. वडिलांना सोडून गेली... चर्चलाही. बाकी सगळ्या फोटोंतून आत्याने तिला उडवलंय. हा शेवटचा होता."

आफ्टनने बदाम उचलला. पोराच्या खांद्यावर चार बोटं तशीच राहिली होती. पोराला न कापता ती कापता येत नव्हती.

"इथे डेझीचं फूल लावायला सांगून गेल्यात तुमच्या आत्या."

"लावा की. प्रत्येक फोटोत माझ्या खांद्यावर फूल आहे. आतेभावंडं मला कुंडी म्हणतात."

तिला हसू फुटलं... आणि हसता हसताच रागही आला. त्या आत्याचा, ह्या टेबलांचा, स्वतःच्या सुरीचासुद्धा.

"बसा," ती म्हणाली. "आणि हात लावू नका, चिखल आहे."

"इतकं नीट कापलंय... आता काय जुळणार?"

"वेडंवाकडं कापलं असतं तर नसतं जुळलं. नीट कापलेलं नीटच बसतं."

दोन्ही तुकडे तिने जाड कागदावर केसाचंही अंतर न ठेवता चिकटवले. हायरम वाकून बघत होता. फोटोकडे कमी, तिच्या बोटांकडे जास्त. ते तिला कळत होतं. तिने मुद्दाम थोडा वेळ लावला.

तेवढ्यात व्हर्डाआत्या हिरव्या जेलीचं भांडं घेऊन आल्या.

"हे काय गं? मी बदाम सांगितला होता!"

"आहे की. बोट फिरवून बघा, कड लागेल."

"त्या बाईला आमच्या आल्बममध्ये जागा नाही."

"मग हायरमलाही नाही. हात तिचा, खांदा त्याचा. मला नाही वेगळे करता येत."

"तुला येत नाही?"

"मला येत नाही म्हणजे ह्या गावात कुणालाच येत नाही, सिस्टर व्हर्डा."

हॉलभर कात्र्या थांबल्या. आत्यांचा चेहरा लाल झाला.

"ह्या तोंडामुळेच लग्न होत नाही तुझं!"

"त्याचं मी बघतो, आत्या," हायरम म्हणाला.

कुणाच्या तरी हातून कात्री पडली. आत्या फोटोकडे बघत राहिल्या, मग भाच्याकडे. "डोळे तिचेच घेतलेस मेल्या," एवढंच पुटपुटल्या, डेझीची पाकिटं पर्समध्ये टाकली आणि जेली वाढायला निघून गेल्या.

"काय बघतोस म्हणे तू?" आफ्टनने विचारलं. 'तुम्ही' कधी गळून पडलं, तिलाही कळलं नाही.

"म्हणजे... तुझी हरकत नसेल तर—"

"आधी हात धुऊन ये."

तो अक्षरशः पळत गेला, पळत आला. बायका खिडकीपाशी दरवेळचा फोटो काढायला उभ्या राहत होत्या. आफ्टनने त्याला बाही धरून ओढलं. त्याचा ओला, गार हात बिचकत तिच्या खांद्याच्या कडेला टेकला.

"असा कडेला नको," ती कॅमेऱ्याकडे बघत म्हणाली. "नीट ठेव. मलाही कापता येणार नाही असा."