पालथा पोहणारा

सुगनीला फक्त एक नर हवा होता. बाडमेरच्या वाळवंटात, तिच्या माहेरच्या चार झोपड्यांच्या ढाणीजवळ जी विहीर होती, तिच्यातला पाणढेकूण आजवर कुणी नोंदवलेला नव्हता, याची तिला खात्री होती. पण बादलीतून येत होत्या त्या सगळ्या माद्याच. आणि नराच्या शेपटाकडची अंगं सुईने उकलून पाहिल्याशिवाय नवी जात कुणी मान्य करत नाही. विद्यापीठातली मंडळी तर तिची चूक काढायला टपूनच बसलेली.

त्यात या किड्याची खोड वेगळी. याचे सगळे भाईबंद उताणे पोहतात. विहिरीत सोडलेल्या, अंधारात टिपणाऱ्या कॅमेऱ्यात मात्र हे पालथे दिसले होते. सुगनीने वर्णनात ते अगदी आधी लिहून टाकलं होतं.

"मी उतरतो," धाकटा भाऊ हरजी म्हणाला. आई गेल्यापासून त्याला तिनेच वाढवलं होतं. "किड्याला माझं नाव दे म्हणजे झालं. बायको तरी मान देईल."

"आधी नर आण, मग बारसं."

विहीर दीडशे हात खोल, दोर उंटाने ओढायचा. उंटवाल्या देवाबांनी रीतीप्रमाणे आधी पेटता कंदील खाली सोडला. ज्योत विझली नाही, म्हणजे हवा चांगली होती. तरी म्हाताऱ्याचा चेहरा उतरलेलाच.

"काय झालं, बा?"

"आम्ही सगळ्या विहिरींचा गाळ काढतो, बाई. हिचा कधी काढला नाही."

"का?"

"माझा बाप नको म्हणायचा."

भर दुपारी हरजी उतरला. सुगनी कठड्याशी बसून काचेच्या भांड्यातल्या माद्या बघत होती. उन्हात त्या चारचौघींसारख्या उताण्याच पोहत होत्या. हे किडे पोट उजेडाकडे ठेवतात, हे ती स्वतः पोरांना शिकवत होती. तिने भांड्यावर ओढणी टाकली आणि खालून बॅटरी धरली. सगळ्या एका दमात पालथ्या झाल्या.

म्हणजे खोड किड्याची नव्हती. विहिरीत उजेड खालून येत होता.

ती कठड्यावरून ओणवी झाली. खाली मिट्ट काळोख होता.

"हरजी, तुझी बॅटरी बंद कर बघू."

"उतरतानाच केली, जीजी." आवाज मजेत होता. "इथे कशाला लागते?"

"देवाबा, ओढा," ती म्हणाली. "आत्ता."

हरजी धडधाकट वर आला. अंगावर ओरखडा नाही, मुठीतल्या कुपीत तीन नर. सुगनीने त्याला कवटाळलं आणि ती हमसून हमसून रडली. कुपीकडे तिने पाहिलंही नाही.

घरी येताना तो दोनदा ठेचकाळला.

जेवलाही नाही. खाटेवर पालथा पडला, मान कडेवरून खाली सोडून. सुगनी जमिनीवर बसली आणि तिने खालून त्याच्या डोळ्यांत पाहिलं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, भर उन्हात होतात तशा. समोर नुसती सारवलेली जमीन होती.

तिने दोन्ही हातांनी त्याचा चेहरा उघड्या दाराकडे, उन्हाकडे वळवला.

बाहुल्या हळूहळू पसरत गेल्या.

हरजीने हवेत हाताने चाचपलं.

"जीजी," तो म्हणाला, "दिवा का मालवलास?"