तीनधारी देठाचा शोध

"तराफा बुडाला तर?" यज्ञेश्वरने विचारलं.

"तर पोहू! तुला काय नुसते श्लोकच येतात?" सिराज म्हणाला.

पेशव्यांच्या अमदानीतल्या पुण्यातली ही गोष्ट. पंतोजींची शाळा दिवाळीपुरती बंद झाली होती आणि शनिवार पेठेतल्या दिगंबरशास्त्री वैद्यांचा पुतण्या यज्ञेश्वर मोकळा सुटला होता. कसब्यातल्या अत्तरवाल्याचा सिराज अब्बांची नजर चुकवून दुकानातून सटकला होता. दोघांना पाणकणसांच्या जुड्या बांधून तराफा करायचा होता.

पण नागझरीच्या ओढ्यावर पोचताच दोघं थबकले.

"अरे! कुणी उपटली सगळी?"

घाण वासाच्या गढूळ पाण्याकाठी पाणकणसं आडवी पडली होती. पानं जशीच्या तशी, कणसंही तशीच! फक्त मुळं छाटून नेलेली.

"म्हशींना नेली असतील," यज्ञेश्वर म्हणाला.

"पानं टाकून मुळं खाते? फारच हुशार म्हैस दिसते!"

इतक्यात तांबट आळीतली शालू हातात पुडी घेऊन धावत येताना दिसली. एरवी खेळात सगळ्यांच्या पुढे असणारी शालू आज रडून रडून लाल झाली होती.

"आमच्या धाकट्या भैरूचे जुलाब चार दिवस थांबत नाहीयेत रे," ती म्हणाली. "शास्त्रीबुवांनी नागरमोथ्याचा काढा सांगितला. दत्तोबांच्या जडीबुटीच्या दुकानातून रोज आणते, आई रोज उकळते. काही उपयोग नाही! आज तर तो हाकेला ओ देखील देईना."

सिराजने पुडी नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं.

"हा नागरमोथा नाही! अब्बा अत्तरात घालतात ना, मला ठाऊक आहे. एक कांडी फोडली तरी घरभर घमघमाट होतो. याला तर चिखलाचा वास येतोय!"

तिघांनी एकदम त्या छाटलेल्या पाणकणसांकडे पाहिलं.

दिगंबरशास्त्र्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे सिराजच्या नाकावर मी दत्तोबाला लबाड ठरवायचं? वा!"

"पण काका..." यज्ञेश्वर कळवळून म्हणाला.

"खरा मोथा आणा. दोन्ही शेजारी ठेवू, मग बोलू." बोलता बोलता त्यांचा हात मात्र शालूच्या डोक्यावर गेला होता. "नीट ऐक, पोरी. गवताचं देठ गोल, पोकळ, पेरापेरांचं असतं. मोथ्याचं तीनधारी आणि भरीव. मधे पेर नाही. शेंड्याला पिंगट तुरे, मुळाशी काळपट गाठी. खडकीच्या अंगाला मुळा नदीकाठी पाणथळ आहे. स्वच्छ पाणी झिरपतं तिथे शोधा. मला आता तेवढं चालवत नाही. तोवर भैरूला मीठ घालून भाताची पेज पाजायला सांगतो."

कुंभारवेशीपाशी मुठा ओलांडून तिघं खडकीच्या वाटेला लागले. दीड कोस कसा सरला, कळलंच नाही. पाणथळाशी गेनबा नावाचा म्हातारा म्हशी राखत होता.

"पोरांनो, पल्याड जाऊ नका! गाळ हाय!" तो ओरडला.

"हे बघ, हे!"

"गोल आहे. टाक."

"आणि हे?"

"तेही गोल! पेरंसुद्धा आहेत!"

शालूला थांबवेना. भैरूचे मिटलेले डोळे तिच्यासमोरून हलत नव्हते. ती आणखी पुढे सरकली आणि पाय सटकन खाली गेला. गुडघा, मांडी, कंबर!

"यज्ञा! सिराज!"

"हलू नकोस!" सिराज किंचाळला.

शालूने हाताला लागला तो झुबका घट्ट धरला. तो उपटला नाही. गेनबाने काठी पुढे केली, पोरांनी त्याची कंबर धरली आणि तिघांनी मिळून तिला ओढून काढलं. चिखलाने माखलेली शालू काठावर आडवी झाली, पण झुबक्यातली तुटलेली देठं धरलेली तिची मूठ काही उघडेना.

"दे ना सोडून," यज्ञेश्वर म्हणाला.

"थांब! टोचतंय... तीन ठिकाणी टोचतंय!" तिने त्यातलं एक देठ चिमटीत धरून फिरवलं. "बघा, गोल नाहीच! तीन धारा आहेत याला!"

काठावरच्या तशाच झुबक्याखाली जपून बेताचं खणल्यावर काळ्या गाठी हाताला लागल्या. सिराजने एक नखाने फोडली. "आलं अब्बांचं दुकान!" तो नाचायलाच लागला.

"ह्यो लव्हाळा व्हय?" गेनबा चकित झाला. "आमच्या म्हशी रोज खात्यात की!"

"फार थोर म्हशी आहेत तुमच्या, बाबा!"

"जरुरीपुरतंच घ्या," गेनबा म्हणाला. "समदं उपटलं तर पुढल्या साली कुठनं येईल?"

दोन्ही मुळं शेजारी ठेवून पाहताच शास्त्रीबुवांची खात्री पटली आणि खरा काढा दुपारीच भैरूच्या पोटात गेला. संध्याकाळी शालू वाफाळतं फुलपात्र घेऊन दत्तोबांच्या दुकानासमोर उभी राहिली.

"दत्तोबाकाका, तुमचाही चेहरा उतरलाय. काढा घ्या!"

"गुणाची पोर!" दत्तोबांनी फुलपात्र ओठांशी नेलं.

"तुमच्याच पुडीतला आहे हो."

फुलपात्र तिथेच थांबलं. "नको... आज मला उपास आहे."

"काढा उपासाला चालतो," मागून दिगंबरशास्त्री म्हणाले. "घ्या, घ्या!"

"अहो, पण ते नागझरीचं घाण..." दत्तोबांनी जीभ चावली!

अख्खी गल्ली गोळा झाली. दत्तोबांनी मान खाली घातली. "खडकीला कोण तंगडतोड करणार, म्हणून पाणकणसाची मुळं वाळवली. म्हटलं, मुळासारखं मूळ, कोण ओळखतंय?"

"दहा-अकरा वर्षांची पोरं ओळखतात," शास्त्रीबुवा शांतपणे म्हणाले. "आणि चार वर्षांचं पोर भोगतं."

दत्तोबांचे डोळे भरून आले. त्यांनी स्वतःच्या हाताने पोती रिकामी केली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच खडकीची वाट धरली.

तिसऱ्या दिवशी भैरू उठून बसला. "ताई, भाकरी!" ऐकून शालूची आई हसता हसता रडली. सिराजच्या अब्बांनी तिघांच्या मनगटांना अत्तर लावलं आणि मुलाला म्हणाले, "दुकानातून पळून गेलास म्हणून रागावणार होतो. तुझ्या नाकाने वाचवलं तुला!"

त्या सकाळी शास्त्र्यांच्या ओसरीवर त्यांचे शिष्य बसले होते. शास्त्रीबुवांनी शालूला बोलावून पुढच्या पाटावर बसवलं.

"मी? मला तर अक्षरही येत नाही," ती कुजबुजली.

"यांना येतात. मोथा मात्र यांच्यातल्या एकानेही हातात धरलेला नाही. सांगा, बाई."

शालूने पदराआडून ताजी देठं काढली. "आधी डोळे मिटा," ती म्हणाली, "आणि बोटांत फिरवून बघा."

सगळ्यांच्या आधी म्हाताऱ्या शास्त्रीबुवांनी डोळे मिटले आणि हात पुढे केला.