सहा वर्षं यादीत

कागदावर पुस्तकं छापणं थांबलं, त्यालाही आता दहा वर्षं झाली होती. सगळे हातातल्या काचेच्या पाटीवर वाचत. मालती निकुंभच्या पाटीवर वाचायच्या पुस्तकांची भलीमोठी यादी होती आणि तिच्यात सगळ्यात वर, सहा वर्षं, एक पुस्तक न उघडता पडून होतं. गेंदी पावराचं 'कोठीघर'.

गेंदी ही मालतीची सगळ्यात आवडती लेखिका. तिची आधीची दोन्ही पुस्तकं मालतीने तीन-तीनदा वाचली होती. पण 'कोठीघर' निघालं तेव्हा शहाद्यात कुजबुज झाली, की हे निकुंभ गुरुजींवर आहे. गुरुजी म्हणजे मालतीचे वडील. गेंदी त्यांच्याच आश्रमशाळेत शिकलेली. मालतीने पुस्तक यादीत टाकलं आणि मनाशी म्हणाली, नंतर वाचू. भित्र्या माणसांचा हा लाडका शब्द. नंतर.

आता गुरुजी वारून वर्ष झालं होतं. रविवारी आश्रमशाळेच्या नव्या इमारतीवर त्यांच्या नावाचा फलक लागणार होता. संमतीपत्रावर मुलीची सही हवी होती. शुक्रवारी सकाळी मालतीने चहा बाजूला ठेवला आणि पुस्तक उघडलं.

नव्वदाव्या पानावर एक छोटी मुलगी तापाने फणफणते. गुरुजी तिला खांद्यावर घेतात, नदीचं पाणी तुडवत दवाखान्यात पोचवतात. मुलगी वाचते. मालती हुंदके देऊन रडली आणि पुस्तक संपल्या संपल्या तिने गेंदीला फोन लावला.

"गेंदी, मी मालू. गुरुजींची. किती सुंदर लिहिलंस गं! ते नदीचं पान तर..."

"कुठली नदी?"

"पान नव्वद. बाबा त्या मुलीला खांद्यावर घेऊन..."

पलीकडून हसू आलं. ते चांगलं हसू नव्हतं.

"मी नदी लिहिलेली नाही, मालू. किती दिवस होतं यादीत?"

"सहा वर्षं."

"मग पार गुळगुळीत झालं असेल. पानाच्या कोपऱ्यावर बोट दाबून धर. काय येतं ते वाच."

मालतीने बोट दाबलं. बारीक अक्षरं उमटली: 'रुचिजुळणी. बदललेल्या जागा दोनशे बारा. आधार: वाचकाने मिटलेली पानं.'

पाटी घेताना रुचिजुळणीला तिने 'मान्य' म्हणून अंगठा टेकवला होता. आवडीची पुस्तकं सुचवायची सोय असेल, असं तिला वाटलं होतं.

"उघडेपर्यंत पुस्तक कच्चं असतं," गेंदी म्हणाली. "यंत्र तुझं वाचणं बघत बसतं. पोरांना मारल्याचं पान आलं की तू मिटतेस. मिटतेस ना?"

मालती खरंच मिटायची. गेंदीची पुस्तकं तीनदा वाचली, पण छडीची पानं तिन्ही वेळा ओलांडून.

"तेच शिकलं ते. रोज थोडं माझं खरवडलं, थोडं तुझं भरलं. हे पुस्तक तूच लिहिलंस, बाई."

"मग तू ओरडली का नाहीस?"

"ओरडले की! लेख लिहिले. तेही पाटीवरच वाचलेस ना? गोड लागले असतील. आश्रमशाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांनी पण वाचलंय 'कोठीघर'. त्यांच्या पाटीवर तर गुरुजी देव झालेत. उगाच नाही फलक लावत."

मालतीने पुन्हा पान नव्वद काढलं. तिच्या पुस्तकात त्या मुलीला नावच नव्हतं. नुसतं 'छोटी'.

"त्या मुलीचं नाव काय होतं?"



"सुनकी. माझी धाकटी बहीण. अंगात ताप होता, रडत होती, म्हणून गुरुजींनी कोठीघरात कोंडली. कडी बाहेरून. ती वाचली नाही, मालू."

टेबलावर संमतीपत्र होतं. शेजारी चहावर साय धरली होती.

"पुढचं फोनवर नाही सांगायची," गेंदी म्हणाली. "माझ्या हातची वही आहे. शाईची. ती कोणासाठी बदलत नाही. ये, समोर बस, वाचून दाखवते. मिटू मात्र देणार नाही."

"येते," मालती म्हणाली.

"कधी? फलक लागायच्या आधी, की नंतर?"