फ्लेक्सखालची नकोशी

मोबाईल ठेवा आधी खाली. भुताची गोष्ट पाहिजे ना? मग ऐका. मधे कुणी दात काढले तर त्याला एकट्याला मोटर चालू करायला उसात पाठवीन.

आपल्या काटेवाडीचा युवराज, टेम्पोवाला. त्यानं हे स्वतः मला सांगितलं. रडत सांगितलं.

गेल्या मार्गशीर्षातली अमावस्या. पक्ष फुटलेला, निवडणूक तोंडावर. सकाळी या गटात असलेला पुढारी संध्याकाळी त्या गटात, त्यामुळं युवराजची चांदी. रोज जुने फ्लेक्स उतरवायचे, नवे चढवायचे. त्या रात्रीही तो बारामतीहून नवे फ्लेक्स भरून इंदापूरला निघाला होता.

दोनच दिवसांपूर्वी तिथल्या स्टँडमागं त्यानं एक जुना फ्लेक्स ओढून घेतला होता. त्याखाली दोन पोरं निजलेली. नकोशी, असेल आठ-नऊ वर्षांची, आणि तिचा धाकटा भाऊ. मागं कुणी नाही. पोरगी म्हणाली, "काका, ऱ्हाऊ द्या की. भावाला लई थंडी वाजतीया."

युवराज खेकसला, "अगं, सायबांचा फोटू हाय त्यावर! पांघरता व्हय? दुसऱ्या गटानं व्हिडिओ काढला म्हंजी?"

त्याला वाटलं, साहेबांचा मान राखला. फ्लेक्सवरच्या माणसाला थंडी वाजत नाही, एवढं कळू नये? पण लेकरांना मत नसतं. मग त्यांच्या दारात हात जोडायला कोण येतंय, आणि दार तरी कुठं होतं त्यांना! मला अजून राग येतो.

तर त्या अमावस्येला, निमगाव केतकीच्या पुढं, गाडीच्या उजेडात एक पोरगी उभी दिसली. नकोशीच. युवराजनं ब्रेक मारला.

"काका, भाऊ गारठलाय. बिगी बिगी चला."

"तू हितं कशी गं? बस फुडं."

"न्हाय. मागं बसते."

गाडी निघाली. युवराजनं मागच्या काचेतून पाहिलं... बसलेली. पुन्हा पाहिलं... बसलेली. एवढ्या वाऱ्यात पांघरायला काही नाही. तरी कुडकुडत नव्हती.

स्टँडमागं टेम्पो थांबला. उतरून पाहिलं.

मागं कुणी नाही.

भिंतीशी पोरगं पडलेलं. एकटं. ओठ निळे. अंगात बहिणीचा स्वेटर.

पलीकडं शकुबाईची चहाची गाडी. ती धावत आली.

"मावशी, ह्याची बहीण... आत्ता माझ्या गाडीत..."

पोराशी वाकलेल्या शकुबाईनं झटकन मान वर केली.

"नकोशी? आरं, ती परवाच्या राती गेली. आपला स्वेटर ह्याला घातला, अन् सोता..."



युवराजनं गाडीतले नवे फ्लेक्स उपसले. कुणाचा फोटो, कुणाचा गट, काही पाहिलं नाही. पोराला त्यात गुंडाळलं, दवाखाना गाठला. डॉक्टरांनी शिकस्त केली. युवराज उशाशी बसून होता. म्हणत होता, "बाळा, ऊठ रं. माझं चुकलं."

पहाटे त्याचा जरा डोळा लागला... तेवढ्यात पोरगं गेलं.

आणि त्या पोराचे जटा झालेले केस... तेल चोपडून विंचरलेले. मधोमध सरळ भांग. बाहेरगावी नेताना आई लेकराचा पाडते तसा. गालावर काजळाची तीट.

नर्सबाई म्हणाल्या, "आम्ही नाही लावली."

तीट अजून ओली होती... आणि एवढीशी. लहान बोटाची.